लाइट गेली की पळणारा कॉम्प्युटर

"कॉम्प्युटर स्लो झालाय, जरा येऊन बघा." नेटवर्किंगची कामं करणाऱ्या माणसाला हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावं लागतं. फोन पतसंस्थेतून येवो, शाळेतून येवो, दवाखान्यातून येवो, वाक्य तेच. सांगणाऱ्याच्या मनात निदानही ठरलेलं असतं. व्हायरस शिरला असेल, रॅम कमी पडत असेल, नाहीतर मशीन म्हातारं झालं असेल. आणि उपाय तर सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे: फॉरमॅट मारा.

मला मात्र आधी एक गोष्ट बघायची असते. हा स्लो झालेला कॉम्प्युटर त्या क्षणी काही करतोय का? टास्क मॅनेजर उघडायचा. सीपीयू नव्वद टक्क्यांवर, हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतोय, पंखा घोंघावतोय, तर समजायचं की गडी खरंच कामाखाली दबलाय. त्याला रॅम द्या, नवी डिस्क बसवा, उपयोग होईल. पण कधी कधी भलतंच दिसतं. फोल्डरवर दोनदा क्लिक केलेलं असतं, खिडकी पांढरी पडलेली असते, माउसच्या जागी गोल चकली फिरत असते आणि सीपीयू दोन टक्क्यांवर निवांत पडलेला. डिस्कचा दिवाही विझलेला. असा कॉम्प्युटर थकलेला नसतो. तो कोणाची तरी वाट बघत बसलेला असतो. कोणाची, एवढंच शोधायचं.

सोलापुरातल्या एका छापखान्यात मी असाच शोध घेतला. तो लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं, कारण तिथं कॉम्प्युटरच्या स्लोपणाचं बिल एका माणसाच्या नावावर फाडलं जात होतं.

छापखाना लग्नपत्रिकांचा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मराठी पत्रिका, कन्नड पत्रिका, तेलुगू पत्रिका आणि आमचे रुक्के. (आमच्याकडे निकाहच्या निमंत्रणपत्रिकेला रुक्का म्हणतात. आमच्या घरातले तीन रुक्के तिथेच छापलेत, त्यामुळे माझं जाणं-येणं जुनं.) कंपोझिंगला एक ताई आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, वीसेक वर्षं त्याच खुर्चीवर. श्री-लिपीत मराठी टाइप करताना त्या कीबोर्डकडे बघत नाहीत. उर्दूसाठी इनपेज वापरतात, आणि अलिफ, बे, पे त्या शाळेत किंवा मदरशात शिकल्या नाहीत, इनपेजच्या कीबोर्डवरच शिकल्या. मजकूर कोणीतरी वाचून दाखवायचा, ताई टाइप करायच्या. एकदा मी प्रूफ वाचायला बसलो होतो तर सगळ्या रुक्क्यात एक नुक्ता चुकलेला सापडला, तोही मूळ मजकुरातच चुकलेला होता.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगं कामाला लागलं. पंचविशीचं, हुशार. त्याला नवा कॉम्प्युटर मिळाला. आणि तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला.

मला बोलावलं ते वेगळ्याच कामाला. ईद आठवड्यावर आली होती. शव्वाल लागला की रुक्क्यांची रांग लागते आणि त्या वर्षी लग्नाच्या तिथीही त्याच सुमाराला दाट होत्या. अण्णा मला काउंटरच्या मागे घेऊन गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, "भाई, एका नव्या मशीनचं कोटेशन द्या. सीझन झाला की ताईंना सांगून टाकणार आहे. वय झालं बघा. पोरगं तीन पत्रिका काढतंय तोवर यांची दीड होते."

मी विचारलं, "मशीन बघितलं का कोणी?"

बघितलं होतं. रॅम दोनाची चार जीबी करून झाली होती. अँटीव्हायरस काढून, दुसरा टाकून, तोही काढून झाला होता. फॉरमॅट तेवढा राहिला होता, कारण ताईंनी हात लावू दिला नव्हता. त्यांचे जुने फॉन्ट, पेजमेकर, इनपेजची जुनी आवृत्ती, स्वतः बसवलेला कीबोर्ड, हे सगळं परत कोण बसवून देणार? त्यांचं चूक नव्हतं. पण अण्णांना तो हट्ट वाटला, आणि पोराला वाटलं मावशी नव्याला घाबरतात.

मी ताईंच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. त्या डी ड्राइव्हवरचं एक फोल्डर उघडत होत्या. म्हणजे त्यांच्याच कॉम्प्युटरच्या पोटातलं. क्लिक केलं, आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. विंडोज ७ वापरलेल्यांना ती रेघ आठवत असेल. ताईंनी तेवढ्यात पुढच्या पत्रिकेचा हस्तलिखित कागद उचलला, वाचायला घेतला, 'चि. सौ. कां.' खाली पेन्सिलीनं खूण केली. फोल्डर उघडलं तशी त्यांनी कागद ठेवला. या वाट बघण्याची त्यांनी कामात सोय लावून टाकली होती.

मी विचारलं, "ताई, हा कधी बरा चालतो?"

त्यांनी आधी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाई, सांगते, पण हसू नका. लाइट गेली की माझा कॉम्प्युटर पळतो."

पोरगं हसलंच. काउंटरवरून अण्णाही हसले. "ऐकलंत ना?" म्हणाले.

मला हसू आलं नाही, कारण माझी नजर छताकडे गेली होती. ताईंचा कॉम्प्युटर यूपीएसवर होता. पण सगळ्या कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणारा नेटवर्कचा स्विच पोटमाळ्याच्या कडेला खिळ्यावर टांगलेला होता आणि त्याची वायर साध्या बोर्डात गेली होती. लाइट गेली की स्विच मरतो, ताईंचा कॉम्प्युटर जिवंत राहतो. म्हणजे ताई सांगत होत्या ते असं: नेटवर्क तुटलं की माझा कॉम्प्युटर पळतो. इतकी नेमकी तक्रार मला इंजिनिअर मंडळींकडूनही क्वचित ऐकायला मिळते.

मी उठलो आणि त्यांच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागची नेटवर्कची केबल उपसली. "आता उघडा." क्लिक केलं आणि फोल्डर टपकन उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं. केबल परत लावली. हिरवी मुंगी परत आली. मी मोबाइलवर मोजलं: २१ सेकंद. पुन्हा मोजलं, २१ सेकंद.

हा आकडा ओळखीचा होता. एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलायला जातो तेव्हा आधी दार वाजवतो. पलीकडे कॉम्प्युटर जागा असेल पण ते दार बंद असेल, तर आतून 'नाही' असं उत्तर येतं. ते लवकर येतं, आणि ऐकणारा आपल्या कामाला लागतो. पण पलीकडे घरच नसेल तर? मग 'नाही' म्हणायलाही कोणी नसतं. विंडोज ७ एकदा दार वाजवून ३ सेकंद थांबतं. उत्तर नाही, पुन्हा वाजवतं, ६ सेकंद थांबतं. तिसऱ्यांदा वाजवून १२ सेकंद. ३, ६ आणि १२ मिळून २१. त्यानंतर ते हार मानतं. नेटवर्कवर निरोप वाटेत हरवू शकतो, त्यामुळे एकदोनदा पुन्हा हाक मारणं शहाणपणाचंच आहे आणि दर वेळी जास्त थांबणंही. फक्त ज्याला हाक मारतोय तो कायमचा गेलेला असेल तर त्या शहाणपणाची किंमत दर वेळी २१ सेकंद.

तर हाक कोणाला चालली होती? 'कॉम्प्युटर' ही खिडकी उघडली. सी, डी, आणि खाली दोन नेटवर्क ड्राइव्ह. वाय, आणि झेड. झेडवर लाल फुली.

त्या लाल फुलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती बघून लोक एकतर उगाच घाबरतात किंवा उगाच दुर्लक्ष करतात. फुली दोन तऱ्हेची असते आणि दोन्ही सारख्याच दिसतात. शेअर केलेलं फोल्डर बराच वेळ कोणी वापरलं नाही तर देणारा कॉम्प्युटर स्वतःहून जोडणी सोडून देतो. विंडोजमध्ये ही मुदत मुळात १५ मिनिटांची असते. त्या फुलीवर क्लिक केलं की जोडणी लगेच जुळते, काही बिघडलेलं नसतं. दुसरी फुली मेलेल्याची. दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पिंग करून बघावा लागतो. मी झेडच्या पत्त्याला, १९२.१६८.१.१० ला, पिंग केलं. उत्तर शून्य.

"अण्णा, झेड म्हणजे काय?"

अण्णांना आठवेना. ताईंना आठवत होतं. "वरचा डबा," त्या म्हणाल्या आणि पोटमाळ्याकडे बोट केलं. तिथं पूर्वी एक जुना टॉवर ठेवलेला असायचा. त्याला सगळे सर्व्हर म्हणत. सगळ्या जुन्या पत्रिका, गणपतींची चित्रं, बॉर्डरी, चाँद-ताऱ्याची नक्षी त्यात. दोन दिवाळ्यांपूर्वी तो बंद पडला. एका इंजिनिअरनं डिस्क काढून माल नव्या डब्यात भरून दिला, नव्या डब्याला वाय अक्षर दिलं, चालतंय म्हणून दाखवलं, पैसे घेतले आणि गेला. टॉवर भंगारात गेला. ताईंच्या कॉम्प्युटरवरचं झेड काढायचं राहून गेलं. ते जोडताना 'लॉग-इन झाल्यावर पुन्हा जोड' या चौकटीत खूण केलेली होती, त्यामुळे रोज सकाळी कॉम्प्युटर चालू झाला की तो इमानदारीनं वरच्या डब्याला शोधायला निघायचा. पोरगं त्यानंतर आलेलं. त्याच्या नव्या मशीनवर झेड कधी नव्हतंच. दोघांची शर्यत लावली होती त्या दिवसापासून एकाच्या पायात दगड होता.

आता कोणी विचारेल, फोल्डर डी ड्राइव्हवरचं, मग झेडला कशाला विचारायचं? फाइल दाखवणारी ती खिडकी फक्त त्या फोल्डरपुरती नसते. डाव्या बाजूला सगळ्या ड्राइव्हची यादी असते, आवडत्या जागा असतात. प्रत्येक ड्राइव्ह आहे का, त्यात जागा किती उरली, चिन्ह कोणतं काढायचं, हे ती विचारत बसते. यादीतल्या एकाचं उत्तर अडलं की खिडकी अडकते. आणि कोरल असो, पेजमेकर असो, 'ओपन' आणि 'सेव्ह अ‍ॅज'ला येणारी चौकटही बहुतेक वेळा याच खिडकीची बहीण. म्हणून ताईंचं प्रत्येक उघडणं आणि प्रत्येक जतन करणं वरच्या डब्याच्या दारावरून जायचं.

लेस्ली लॅम्पोर्ट नावाचे संगणकशास्त्रज्ञ आहेत, पुढे ट्यूरिंग पुरस्कार मिळालेले. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या एका ईमेलमध्ये अनेक कॉम्प्युटरांच्या जोडकामाची थट्टेनं व्याख्या केली होती. तिचा आशय असा, की जो कॉम्प्युटर अस्तित्वात आहे हे तुम्हाला माहीतही नाही, तो बंद पडल्यामुळे तुमचा कॉम्प्युटर निकामी होतो, ती अशी व्यवस्था. ही थट्टा आमच्या धंद्यातल्या लोकांना पाठ असते. आमच्या छापखान्यातला कॉम्प्युटर तर अस्तित्वातही उरला नव्हता.

झेड काढायला गेलो तर आणखी गंमत. त्यावर उजवी क्लिक केली की तीही २१ सेकंद अडकायची. म्हणजे मेलेल्याला निरोप द्यायलाही आधी त्याचं दार वाजवायचं. अशा वेळी काळ्या खिडकीत 'नेट यूज' ही आज्ञा द्यावी. सगळे नेटवर्क ड्राइव्ह, त्यांचे पत्ते आणि अवस्था एका यादीत दिसतात आणि तिथूनच एकेक काढता येतो. एक ध्यानात ठेवा, ती काळी खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडू नका. तसं उघडलं की विंडोज तुम्हाला वेगळा माणूस समजतं, यादी रिकामी दिसते आणि तुम्ही म्हणता, इथं तर काहीच नाही. या रिकाम्या यादीवर विश्वास ठेवून नवीन रॅम विकलेले लोक मला माहीत आहेत.

पण झेड नुसतं काढून चाललं नसतं. ताई म्हणाल्या, "काढा, पण माझे गणपती?" पेजमेकरमध्ये पानावर चित्र ठेवलं की अनेकदा फाइलमध्ये मूळ चित्र न जाता त्याचा पत्ता जातो. वीस वर्षांतल्या पत्रिकांमध्ये हजारो ठिकाणी पत्ता झेडपासून सुरू होणारा होता. जुनी फाइल उघडली की चित्र सापडत नाही म्हणून चौकट यायची, ताई वायवर जाऊन हातानं चित्र दाखवून द्यायच्या. दर फाइलला. मग उपाय सरळ होता. ड्राइव्हचं अक्षर ही नुसती पाटी आहे, कोणत्याही दारावर लावता येते. मेलेलं झेड काढलं आणि तेच अक्षर नव्या डब्यातल्या जुन्या मालाच्या फोल्डरला दिलं. आतली फोल्डरांची मांडणी सुदैवानं जशीच्या तशी उतरवलेली होती. ताईंनी २०११ सालची एक पत्रिका उघडली, आणि वरच्या कोपऱ्यातला गणपती काही न विचारता येऊन बसला.

एवढ्यानं सगळं सुटलं असं मला वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण 'सेव्ह'ची चौकट अजून मधूनच अडकत होती. मग मी प्रोसेस मॉनिटर चालवला. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी केलेलं हे साधन फुकट मिळतं आणि कॉम्प्युटर कोणत्या क्षणी कोणाला काय विचारतोय ते ओळीओळीनं दाखवतं. गाळणीत जुना पत्ता टाकला. पानभर ओळी आल्या, प्रत्येकीपुढे एकच शेरा: 'बॅड नेटवर्क पाथ'. डेस्कटॉपवर तीन शॉर्टकट होते, त्यांची चिन्हं जुन्या डब्यातून यायची. डाव्या यादीत 'आवडत्या'त जुनं फोल्डर अडकवलेलं. आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे प्रिंटर. जुन्या टॉवरला जोडलेला प्रिंटर ताईंच्या कॉम्प्युटरवर अजून मुख्य प्रिंटर म्हणून नोंदलेला होता. पेजमेकर पानाची मांडणी करताना मुख्य प्रिंटरचा सल्ला घेतो. खरा प्रिंटर समोर टेबलावर, सल्ला भंगारातल्याचा. तो काढला, समोरचा मुख्य केला. गाळणी पुन्हा चालवली, एकही ओळ आली नाही.

सगळं काम दीड तासाचं. त्यातला एक तास मी काम सुरू करण्याआधी नुसता मोजत बसलो होतो, हे अण्णांना आवडलं नव्हतं. पण तो तास मला हवा होता. त्या तासात ताईंचा कॉम्प्युटर २५ वेळा अडकला. कागदावर मांडून अण्णांपुढे ठेवलं: तासाला २५, आठ तासांचे २००, प्रत्येकी २१ सेकंद. ४,२०० सेकंद. रोजची ७० मिनिटं. जुन्या फाइलींतली चित्रं हातानं शोधण्याचा वेळ यात धरलेला नाही.

अण्णा व्यापारी माणूस, आकड्याशी वाद घालत नाहीत. बराच वेळ कागद बघत राहिले. मग ताईंना म्हणाले, "अहो, मग सांगायचं ना."

"सांगितलं होतं की," ताई स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या. "तुम्ही हसलात."

नव्या मशीनचं कोटेशन अण्णांनी पुन्हा मागितलं नाही. स्विचला मात्र दुसऱ्याच दिवशी यूपीएस लावून घेतला.

चार दिवसांनी, ऐन गर्दीत, त्यांचा फोन आला. पोराच्या मशीनवर जुन्या पत्रिका उघडताना चित्रं येत नव्हती. मी विचारलं, इतके दिवस कसं चाललं होतं? तर कळलं, जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका असली की पोरगं ती आपल्या टेबलावर घेतच नव्हतं, ताईंकडे सरकवायचं. आता अण्णा कोणाचं टेबल कशानं भरलंय ते बघायला लागले होते.

"भाई," अण्णा म्हणाले, "त्यालापण ताईंसारखं झेड करून द्या."